भाड्याचं घर, अकरा महिने आणि एक कुत्रं

“ताई, चार वर्षांचा लॅब्रा आहे. फार गुणी आहे हो. कोणी घेईल का? तीस तारखेला घर रिकामं करायचंय.”

असे फोन मला वीस तारखेनंतर येतात. मी कुठल्या संस्थेची नाही. रस्त्यावरची पिल्लं महिना-दीड महिना घरी सांभाळते आणि मग दत्तक देते, एवढंच. पण त्यामुळे माझा नंबर पुण्यातल्या निम्म्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत असतो. फोन आला की मी आधी विचारते, करार संपतोय हे कधी कळलं होतं? उत्तर बहुतेक वेळा ‘दोन महिने झाले’ असं असतं. मग दोन महिने काय केलं? घरं बघितली, पण कुत्र्याचं बोलले नाहीत. टोकन द्यायच्या वेळी सांगितलं तर मालक नाही म्हणाले. दुसऱ्या घराचंही तसंच झालं. आता टेम्पो ठरलाय, मुलांची शाळा सुरू होतेय, आणि कुत्र्याचं काय करायचं ते कोणालाच सुचत नाहीये.

फोन करणारी माणसं दुष्ट नसतात. काही तर बोलता बोलता रडतात. त्यांचं वेळापत्रक चुकलेलं असतं, आणि मालकाशी जे पहिल्या दिवशी बोलायचं ते शेवटच्या दिवशी बोललेलं असतं. भाड्याच्या घरात पहिल्यांदाच प्राणी आणणाऱ्यांसाठी, किंवा प्राण्यासकट पहिल्यांदा घर शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण बुंदीला घेऊन मी इथे तीन भाड्याच्या घरांत राहिले. बुंदी म्हणजे माझी पिवळी गावठी कुत्री. वय नऊ, वजन सोळा किलो, स्वभाव सदाशिव पेठी. मालकाची बाजूही थोडी ठाऊक आहे, कारण सासूबाईंचा वडगावचा वन बीएचके भाड्याने द्यायचं काम माझ्याकडेच असतं.

कायद्यात काय आहे, काय नाही

‘सोसायटी कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही’ ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. ती खरी आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखाली स्थापन झालेल्या अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ साली पाळीव कुत्र्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव केला तरी बंदी घालता येत नाही, जात किंवा आकार बघून भेद करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टचे वेगळे पैसेही लावता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने फ्लॅटधारकांच्या संघटनांनी नियमात घातलेली प्राण्यांवरची सरसकट बंदी बेकायदा ठरवली. तो निकाल महाराष्ट्रात थेट लागू होत नाही, पण पत्रात दाखला म्हणून वजन पडतं.

हे सगळं सोसायटीबद्दल आहे. घरमालकाला यातलं काहीच बांधत नाही. आपल्या फ्लॅटमध्ये कुत्रं नको असं म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि ‘बोर्डाचा नियम आहे’ असं त्याच्या तोंडावर फेकून आजवर कोणाला घर मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स असतो, म्हणजे मालकाने ठरावीक मुदतीपुरता दिलेला राहण्याचा परवाना. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपली की जागा सोडावी लागते. नाही सोडली तर दुप्पट दराने भरपाई भरायची वेळ येऊ शकते. म्हणून प्राण्यासकट राहणाऱ्याला हक्कापेक्षा मालकाशी असलेले संबंध जास्त उपयोगी पडतात. हे मला फारसं आवडत नाही, पण आज परिस्थिती अशीच आहे.

आणि प्राणी टाकून दिला तर? १९६० च्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वीचा आकडा तसाच राहिलाय. पन्नास रुपयांत आज दोन वडापाव आणि फार तर एक कटिंग येतो. तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी थांबत असेल असं मला वाटत नाही. घर मिळालं तर थांबतात.

तीन महिने आधी: फाइल

करार संपायच्या नव्वद दिवस आधी मोबाइलवर आठवण लावून ठेवा. साधारणपणे लोक एक महिना आधी घर शोधायला लागतात. प्राणी असेल तर तेवढ्याने भागत नाही, कारण दहा जाहिरातींतल्या सात-आठ फोनवरच गळतात.

आणि शोधायला लागायच्या आधी फाइल तयार करा. लग्नाच्या बायोडेटासारखाच हा प्रकार आहे आणि उद्देशही तोच: समोरच्याने फोटो बघून पुढे बोलायला तयार व्हावं. एका पानावर कुत्र्याचं नाव, वय, वजन, नसबंदी झालीय का, किती वर्षं तुमच्याकडे आहे, दिवसभर घरी कोण असतं. सोबत लसीकरणाचं कार्ड. रेबीजचा वार्षिक डोस चुकलेला असेल तर आधी तो देऊन घ्या, कारण मालक नेमकं तेच पान उघडतो. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना जोडा. पुण्यात आणि मुंबईत तो काढावाच लागतो, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि त्यासाठीही रेबीजचं प्रमाणपत्र लागतं. हा कागद फार कमी लोकांकडे असतो, त्यामुळे ज्याच्याकडे असतो तो एकदम जबाबदार वाटतो.

नसबंदी झाली नसेल तर या तीन महिन्यांतच उरकून घ्या. माजावर आलेल्या कुत्रीमुळे गेटबाहेर चार-पाच कुत्रे रात्रभर ठिय्या देतात आणि सोसायटीत पहिल्याच महिन्यात तुमचं नाव खराब होतं. बोका असेल तर प्रश्न वासाचा. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या मुताचा वास पडद्यांतून जात नाही, आणि तो एकदा अनुभवलेला मालक पुन्हा कोणत्याही मांजरवाल्याला घर देत नाही.

फाइलमधला सगळ्यात भारी कागद म्हणजे आधीच्या मालकाचं चार ओळींचं पत्र. ते नसेल तर शेजाऱ्यांचं चालेल. माझ्या पहिल्या घराच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहायचे. ‘कुत्रे आहे हे आम्हांस सहा महिन्यांनी समजले’ असं त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिलं होतं. दुसरं घर त्या कागदावर मिळालं.

एक छोटा व्हिडिओही ठेवा. घर झाडलेलं असावं, कुत्रं आपल्या जागी बसलेलं असावं, बेल वाजल्यावर दोनदा भुंकून गप्प झालेलं दिसावं. दोनदाही भुंकत नाही असं दाखवू नका, कोणी विश्वास ठेवत नाही.

फोनवरचं पहिलं वाक्य

जाहिरातींच्या साइटवर ‘पेट्स अलाउड’ असं दिसलं तरी त्यावर विसंबू नका, आणि काही लिहिलेलं नसेल तर होकारही समजू नका. एजंटला पहिल्याच फोनवर सांगा: “आम्ही दोघं नोकरी करतो, एक कुत्रं आहे, मालकाला चालत असेल तरच घर दाखवा.” निम्मे एजंट तिथेच फोन ठेवतील, ठेवू द्या. ‘आधी घर बघा, कुत्र्याचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटपासून सांभाळून राहा. त्याची दलाली करार झाला की मिळते. कुत्र्याचा वाद त्यानंतर सुरू होतो आणि तेव्हा तो फोन उचलत नाही.

लपवून राहायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. “मांजर तर आहे, कोणाला कळणार?” कळतं. वॉचमनला कळतं, कचरा नेणाऱ्याला कळतं, पहिल्या महिन्याचं भाडं घ्यायला आलेल्या मालकाला दारातच कळतं. मग कराराचा भंग म्हणून महिन्याची नोटीस येते, आणि ज्या घाईत प्राणी रस्त्यावर येतो ती घाई तुम्ही स्वतःच ओढवून घेतलेली असते. मला येणाऱ्या फोनांत या प्रकारचे बरेच असतात.

मालक ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं हे मी सासूबाईंकडून शिकले. प्राण्यांचा राग क्वचितच असतो. दार आणि कपाटावरचे ओरखडे, वास, आणि सेक्रेटरीचे रात्री साडेदहाला येणारे फोन, या तीन भीत्या असतात. त्यातली तिसरी सगळ्यात मोठी. म्हणून ‘माझं कुत्रं फार गोड आहे’ हे वाक्य वाया जातं. त्याऐवजी असं बोला:

“काका, दाराला आतून पारदर्शक शीट लावते, जाताना काढून देते. एक महिन्याचं डिपॉझिट जास्त घ्या. सोसायटीत काही तक्रार आली तर सेक्रेटरींना माझा नंबर द्या, तुम्हाला मध्ये पडावं लागणार नाही. दोन महिन्यांनी तुम्ही येऊन घर बघून जा.”

शेवटचं वाक्य सासूबाईंवर हमखास चालतं.

पुण्यामुंबईत आणखी एक प्रश्न येतो: “ते खातं काय?” शाकाहारी मालकाच्या घरात चिकन शिजवायचं नाही अशी अट असते आणि कुत्र्याचं जेवण तिथे अडतं. खरं काय ते सांगा. सुकं तयार खाणं, अंडी चालणार असतील तर अंडी, दही-भात, भाकरी यांवर जमवता येत असेल तर तसं सांगा. जमत नसेल तर ते घर तुमचं नाही. प्राण्याचं खाणं अचानक बदलू नका, पोट बिघडतं, आणि बिघडलेल्या पोटाचा पुरावा मालकाच्या फरशीवर पडतो. मांजर तर कट्टर मांसाहारी आहे, तिला दूध-पोळीवर ठेवता येत नाही. याबाबतीत मांजरीच्या वतीने तडजोड करू नका.

मालकामालकांतही फरक असतो. माझा अनुभव असा की, मालक त्याच इमारतीत राहत असेल तर होकार अवघड, पण एकदा मिळाला की पक्का. परदेशातल्या किंवा दुसऱ्या शहरातल्या मालकाचा होकार लवकर मिळतो, पण सोसायटीच्या पहिल्या ईमेलने डगमगतो. जुन्या बंगल्याचा तळमजला किंवा आउटहाउस मिळालं तर भाडं थोडं जास्त देऊनही घ्या. तिथे मध्ये सेक्रेटरी नसतो.

घर बघायला जाताना

पहिल्या भेटीला कुत्र्याला नेऊ नका. दुसऱ्या भेटीला न्या, तासभर फिरवून दमवून. मालकाला भेटायची इच्छा असेल तर खाली अंगणात भेटवा, घरात नाही.

आपण कपाटं आणि पाण्याचा दाब बघतो. त्याच वेळी फरशी बघा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर म्हातारं किंवा जड कुत्रं घसरतं, कमरेचं दुखणं वाढतं. तिथे जाड सतरंज्या लागतील, तो खर्च धरा. शेवटचा मजला असेल तर मे महिन्यात स्लॅब किती तापतो ते शेजाऱ्यांना विचारा, कारण दुपारभर तुम्ही ऑफिसात असणार आणि ते घरात. मांजर असेल तर प्रत्येक खिडकी हाताने सरकवून बघा. सरकत्या खिडकीची मच्छरजाळी मांजराच्या वजनाने निघते, आणि सातव्या मजल्यावरून कबुतरामागे उडी मारणारं मांजर दर उन्हाळ्यात कुठल्यातरी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे येतंच. कबुतरांची जाळी लावणारा माणूस बोलावून बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी मारून घ्या. मालक याला सहसा हो म्हणतो, कबुतरांचा त्रास त्यालाही असतोच.

गेटबाहेर दहा मिनिटं उभे राहा. तिथे रस्त्यावरची किती कुत्री आहेत, गेटाजवळ बसतात की कोपऱ्यावर, कोणी खाऊ घालतं का. रोज दोनदा त्यांच्या हद्दीतून जायचंय. खाऊ घालणारी एक व्यक्ती शोधून ओळख करून घ्या. तिची ओळख असेल तर ती कुत्रीही लवकर ओळख देतात.

करार: तोंडी होकाराची किंमत शून्य

मालक हो म्हणाला, चहा झाला, टोकन दिलं. आता तो होकार कागदावर आणा. मी सगळ्यात जास्त आग्रह धरते तो इथे.

आपल्याकडचे करार तयार नमुन्यातून निघतात, आणि त्या नमुन्यात बऱ्याचदा ‘पाळीव प्राणी ठेवता येणार नाही’ ही ओळ आधीपासून असते. एजंटही ती काढत नाही, कारण त्याने ती वाचलेलीच नसते. मसुदा आधी मागवा, ती ओळ काढायला लावा, आणि इतर अटींत साधारण असा मजकूर घाला (यातला ‘परवानाधारक’ म्हणजे तुम्ही, भाडेकरू):

“परवानाधारकाकडे एक पाळीव कुत्रा आहे (नाव, रंग, अंदाजे वय, महापालिका परवाना क्रमांक). सदर कुत्रा मिळकतीत ठेवण्यास मालकाची संमती आहे. त्याच्यामुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई परवानाधारक करील आणि ती अनामत रकमेतून वळती करता येईल. प्राण्याबाबत तक्रार असल्यास मालक ती लेखी कळवील व निवारणासाठी तीस दिवसांचा अवधी देईल.”

हे तीस दिवस फार महत्त्वाचे. प्राणी रस्त्यावर येतो तो ‘आठवड्यात काढा नाहीतर घर सोडा’ या निरोपामुळे. तीस दिवस मिळाले की माणूस प्रशिक्षक शोधतो, दुसरं घर बघतो, बहिणीकडे ठेवतो. शक्य असेल तर तुमच्या बाजूची नोटीसही दोन महिन्यांची करून घ्या.

जादा डिपॉझिट द्यायचं ठरलं तर तेही करारातच दाखवा, वरून रोख देऊ नका. लोक स्टॅम्प ड्युटी वाढेल म्हणून घाबरतात. लिव्ह अँड लायसन्सवर ड्युटी एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर धरलेलं वर्षाला दहा टक्के व्याज, या बेरजेच्या पाव टक्का असते. वीस हजार जास्त दिले तर वर्षाचं व्याज दोन हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे पाच रुपये. पाच रुपये वाचवायला वीस हजारांचा पुरावा घालवू नका. परत न मिळणारी ‘पेट फी’ मागितली तर मी नाही म्हणते. नुकसान झालं तर कापा, झालंच नाही तर कशाचे पैसे?

करार नोंदवलेलाच हवा. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी असणं आणि नोंदवणं सक्तीचं आहे, जबाबदारी मालकाची, आणि आता ऑनलाइन नोंदणी होते. ‘नोटरी करून टाकू’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. राहायला जायच्या दिवशी प्रत्येक दाराचा, कपाटाचा, भिंतीच्या खालच्या दोन फुटांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा. आधीच्या भाडेकरूच्या मुलाने ओढलेल्या रेघा तुमच्या कुत्र्याच्या नावावर पडू नयेत.

सोसायटी

मालकाने करार झाल्याचं सोसायटीला कळवायचं असतं. त्याबरोबर तुम्हीही सेक्रेटरींना भेटून या, फाइलची एक प्रत द्या. रिकाम्या हाताने गेलात तरी चालतं, पण दिवाळीत चकल्या नेलेल्या पुढे उपयोगी पडतात.

लिफ्टबंदी किंवा ‘पेट चार्ज’चा विषय निघाला तर तिथल्या तिथे भांडू नका. “मला हा नियम लेखी द्याल का?” एवढंच विचारा. बऱ्याचदा विषय तिथेच संपतो. लेखी मिळालाच तर बोर्डाच्या सूचना जोडून मालकाच्या सहीने उत्तर द्या. सभासद तो आहे, तुम्ही नाही. त्यानंतरची पायरी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार, आणि तिथेही अर्ज मालकाच्या नावाने गेला तर बरा.

मात्र काही गोष्टी आपल्याही बाजूने हव्यात. लिफ्टमध्ये आखूड पट्टा, आणि आत घाबरणारं कोणी असेल तर पुढच्या फेरीने जा. विष्ठा उचलायला जुनं वर्तमानपत्र आणि पिशवी, दर वेळी, पावसातही. सोसायटी फिरवण्याच्या वेळा ठरवत असेल तर मान्य करा. मुलांच्या खेळण्याच्या जागेत नेऊ नका. कुत्र्यावरून होणाऱ्या दहा भांडणांतली सहा तरी न उचललेल्या विष्ठेवरून होतात, असा माझा अंदाज आहे, आणि त्या सहांत मी सोसायटीच्या बाजूने असते.

मोठ्या, ‘भीतीदायक’ जातीचं कुत्रं असेल तर तयारी जास्त करा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी आणायचं पत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं, पण सोसायट्यांच्या ग्रुपवर पहिली बातमीच फिरत असते. रद्द झाल्याची बातमी मोबाइलवर जपून ठेवा.

पहिला आठवडा

सामान हलवताना प्राणी त्या गडबडीत नको. मित्राकडे ठेवा किंवा बंद खोलीत, दारावर चिठ्ठी लावून. टेम्पोवाल्यांनी उघड्या ठेवलेल्या दारातून निघून गेलेली कुत्री बऱ्याचदा जुन्या घराच्या गेटवर सापडतात, आणि काही सापडतच नाहीत. पट्ट्यावर नंबर आधीच लिहून घ्या. त्याचं अंथरूण महिनाभर धुऊ नका. नव्या घरात तेवढाच ओळखीचा वास असतो. मांजराला पहिले आठ-दहा दिवस एकाच खोलीत ठेवा, तिथेच खाणं, तिथेच मातीचा ट्रे.

जमल्यास पहिले तीन दिवस सुट्टी घ्या, पण पूर्ण वेळ घरी बसू नका. पहिल्याच दिवसापासून पाच मिनिटं बाहेर जा आणि या, मग पंधरा, मग तास. जाताना जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा. शेजारी ‘दिवसभर रडतं हो’ म्हणाले तर खरंच किती ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. बुंदी तिसऱ्या घरात पहिल्या दिवशी सत्तावीस मिनिटं रडली आणि मग माझ्या चपलेवर झोपली. शेजारच्या काकूंना मी तो आकडा सांगितला, आठवडाभरात तो चारवर आला, आणि काकू रोज संध्याकाळी “आज किती?” विचारायला लागल्या.

घर मिळतच नसेल तर

करार संपायला तीस दिवस उरले आणि हातात घर नाही, तर या टप्प्यावर एकच निर्णय घ्या: माणसांचं घर आणि प्राण्याची सोय हे दोन प्रश्न वेगळे करा. मित्र, भाऊ, ऑफिसातला सहकारी, नाहीतर बोर्डिंग, म्हणजे पैसे घेऊन प्राणी सांभाळणारी जागा. एक-दोन महिने प्राणी दुसरीकडे आणि तुम्ही मिळेल त्या घरात, तिथून शांतपणे शोध चालू. बोर्डिंग निवडताना आधी न सांगता जाऊन बघा, आणि उचलायची तारीख लेखी द्या. तारीख न देता ठेवलेली कुत्री तिथेच राहून जातात.

‘गावी सोडतो, शेतावर मोकळा राहील’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते, आणि फोन करणाऱ्याला ते खरंच वाटत असतं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याला शेतावर विंचू-साप कळत नाहीत, विहिरीचा कठडा कळत नाही, वाडीतली बाकीची कुत्री त्याला टिकू देत नाहीत. आणि बिबट्या. अकोले तालुक्यात उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला होता, त्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. गावाला आईवडील असतील, रात्री घरात घेणार असतील, तर जरूर ठेवा. राखणदाराच्या भरवशावर ठेवणं म्हणजे टाकणंच.

आयटीवाल्यांसाठी वेगळी सूचना. ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परदेशी, जायचं कळलं की व्हिसाच्या आधी प्राण्याचे कागद सुरू करा. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेच्या सीडीसीचे (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे) नियम कडक झाले आहेत. भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांत मोडतो, त्यामुळे कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं, कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप हवी, भारतातच लस दिलेली असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून रक्ताची टायटर तपासणी (लस लागू पडलीय का ते बघणारी) हवी, नाहीतर तिकडे उतरल्यावर अठ्ठावीस दिवस विलगीकरण. युरोपात आणि ब्रिटनमध्ये जायचं तर रक्ताचा नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे चिप, लस, तपासणी धरून पाच-सहा महिने. कंपनी तुम्हाला सहा आठवडे देते. हे गणित जुळत नाही म्हणून मागे राहिलेले गोल्डन रिट्रीव्हर मी बरेच बघितलेत. जायची नुसती शक्यता असेल तरी चिप बसवून घ्या आणि त्यानंतर रेबीजची लस द्या, क्रम महत्त्वाचा आहे. देशातल्या देशात बदली झाली तर रेल्वेच्या एसी फर्स्टचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करून कुत्र्याला सोबत नेता येतं.

सगळं करूनही दुसरं घर शोधून द्यायचीच वेळ आली, तर ते नीट करा. फुकट द्यायचंय अशी जाहिरात टाकू नका. नसबंदी न झालेलं जातिवंत कुत्रं पिल्लं काढणारे लोक अशाच जाहिरातींतून उचलतात. नसबंदी करूनच द्या. घेणाऱ्याच्या घरी स्वतः जा, घर भाड्याचं असेल तर त्याच्या करारातली प्राण्याची ओळ बघा, नाहीतर अकरा महिन्यांनी तेच कुत्रं पुन्हा त्याच फोनवर येतं. पंधरा दिवस चाचणीचे ठेवा. लसीकरणाचं कार्ड, त्याचं अंथरूण, ते कशाला घाबरतं याची यादी सोबत द्या.

निघताना

घर सोडायच्या पंधरा दिवस आधी स्वतःच दुरुस्त्या करून घ्या. दाराच्या खालच्या कडेला लांबी (पुट्टी) आणि रंग, पडदे धुऊन, सोफा असेल तर सफाईवाल्याला बोलावून. मुताचा डाग असेल तर फिनाइलने वास झाकला जातो, जात नाही. एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते वापरा. मालकाला भर दुपारी, खिडक्या बंद असताना घर दाखवा. वास असेल तर त्याच वेळी कळेल आणि वाद पुढे राहणार नाही.

डिपॉझिटचा हिशेब झाला की लगेच, किल्ली द्यायच्या आधी, ते पत्र मागा. बहुतेक मालक ‘काय लिहू, तूच लिहून आण, सही करतो’ म्हणतात. माझ्याकडच्या पत्राचा मजकूर तयार असतो: नाव, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत राहिले, कुत्र्याचं वर्णन, सोसायटीकडून लेखी तक्रार आली नाही, अनामत रक्कम पूर्ण परत केली, खाली फोन नंबर. तिसऱ्या घराच्या काकांनी सही करायच्या आधी त्यात पेनने एक ओळ वाढवली, ‘कपाटाचे एक हँडल चावले आहे, बदलून दिले.’ ती ओळ मी खोडली नाही. पुढच्या मालकिणीने नेमकी तीच वाचली आणि विचारलं, “हँडल तुम्ही स्वतःहून बदललंत?” हो म्हटलं. त्यांनी मसुदा मागवला.